शंकापेटी : डिस्क भरली, अक्षरं फुटली

या खेपेच्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हापुन्हा आल्या आहेत. एक, डिस्कवर जागा उरली नाही. दुसरी, मराठी अक्षरांचा चुथडा झाला. त्या दोन्हींना ऐसपैस उत्तरं दिली आहेत, बाकीची आटोपशीर. आज्ञा नेहमीप्रमाणे उच्चारानुसार छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या, आकडेसुद्धा रोमनच. आणि एक विनंती. ‘चालत नाही’ एवढ्यावर पत्र संपवू नका. पडद्यावर जो संदेश येतो तो शब्द न् शब्द उतरवून पाठवा. अर्धं उत्तर बहुतेक वेळा त्यातच असतं.

ताई, माझ्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट आहे. ‘डिस्कवर जागा कमी आहे’ ही सूचना रोज येते. मोठमोठे व्हिडिओ पुसले, कचरापेटी रिकामी केली, तरी फरक पडत नाही. ‘डीएफ -एच’ या आज्ञेचं उत्तर सोबत जोडलं आहे. – एक निवृत्त शिक्षक

सर, ते उत्तर जोडलंत हे फार चांगलं केलंत, कारण दुखणं त्यातल्या पहिल्या दोन ओळींत स्पष्ट दिसतं. तुमच्या डिस्कचे दोन भाग आहेत. पहिल्यावर मूळ प्रणाली आहे, म्हणजे ज्याच्यापुढे नुसती तिरकी रेघ दिसते तो. तो ४० जीबीचा, वापरलेले ३८, शिल्लक शून्य. दुसरा ‘होम’चा, ४२० जीबीचा, आणि तो एक तृतीयांशही भरलेला नाही. तुम्ही व्हिडिओ पुसलेत ते दुसऱ्या भागातले. तुंबलाय पहिला. दुसऱ्यातून कितीही उपसलंत तरी पहिल्यात जागा होणार नाही.

४० मधून ३८ गेले तर शिल्लक शून्य कशी, असं तुम्ही पत्रात विचारलंय. ईएक्सटी४ ही फाइल प्रणाली बनवताना मुळात ५ टक्के जागा रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्त्यासाठी राखून ठेवली जाते, म्हणजे डिस्क गच्च भरली तरी यंत्र निदान सुरू होऊन दुरुस्ती करता यावी. ४० चे ५ टक्के म्हणजे तुमचे ते हरवलेले २ जीबी. ते तसेच राहू द्या.

मग मी तुम्हाला ‘डिस्क यूसेज ॲनालायझर’ उघडून मूळ भाग तपासायला सांगितलं, तेव्हा ‘टाइमशिफ्ट’ नावाच्या एकाच फोल्डरनं १९ जीबी व्यापलेले निघाले. मिंटमध्ये टाइमशिफ्ट हा प्रणालीचे जुने नमुने साठवणारा प्रोग्राम सोबतच येतो. सुरुवातीची मांडणी करताना ठिकाण बदललं नाही, तर तो हे नमुने प्रणालीच्याच भागावर ठेवतो. तो फोल्डर फाइल मॅनेजरमधून हातानं मात्र पुसू नका. नमुन्यांमधल्या न बदललेल्या फाइली एकमेकांशी हार्ड लिंकनं जोडलेल्या असतात, म्हणजे डिस्कवर प्रत एकच आणि तिची नावं अनेक. टाइमशिफ्ट उघडा, यादीतले जुने नमुने निवडा आणि तिथल्याच बटणानं काढा. एखादा नमुना काढल्यावर जागा फारशी वाढली नाही तर घाबरू नका. त्याच फाइली दुसऱ्या नमुन्यातही असतील तर त्या शेवटचा नमुना जाईपर्यंत राहतात. नंतर सेटिंगमध्ये जाऊन ठिकाण म्हणून तो ४२० जीबीचा भाग निवडा आणि रोजचे दोन, आठवड्याचा एक एवढेच नमुने ठेवायला सांगा. तेवढे भरपूर होतात.

तुमच्या यंत्रावर दुसरा भार नोंदवहीचा आहे. सिस्टमडी, म्हणजे यंत्र सुरू करून पाठीमागच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम, आपल्या नोंदी साठवत राहतं आणि मूळ मर्यादा डिस्कच्या त्या भागाच्या १० टक्के, जास्तीत जास्त ४ जीबी अशी असते. तुमच्याकडे त्यांनी ती मर्यादा गाठली आहे. ‘जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज’ लिहून आकडा आधी पाहा, मग ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=५००एम’ द्या (‘सुडो’ म्हणजे रूटच्या अधिकारानं; आकड्यामागचा ‘एम’ तेवढा मोठ्या अक्षरात लिहा). जुने कर्नल, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या मागच्या आवृत्त्या, काढण्यासाठी ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’. काय काय निघणार आहे त्याची यादी ती आज्ञा आधी दाखवते, ती वाचा आणि मगच होकार द्या. फ्लॅटपॅकचे प्रोग्राम वापरत असाल तर ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड’नं कुणालाच न लागणारे जुने रनटाइम (त्या प्रोग्रामांना चालायला लागणारे सामायिक भाग) निघून जातात.

हाच प्रश्न विचारणाऱ्या इतरांसाठी आणखी दोन गोष्टी. मोठी फाइल पुसली पण ती एखाद्या चालू प्रोग्रामनं अजून उघडी धरली असेल, तर फाइल यादीतून जाते, जागा मात्र तो प्रोग्राम बंद होईपर्यंत सुटत नाही. आणि पेन ड्राइव्हवरून पुसलेल्या फाइली पेन ड्राइव्हवरच एका लपलेल्या कचरापेटीत जातात. तो रिकामा दिसूनही भरलेला वाटतो तो यामुळे. कंट्रोल-एच दाबलंत की लपलेले फोल्डर दिसतील.

टाइमशिफ्ट चालू आहे म्हणजे माझ्या फोटोंचा बॅकअप होतोय ना? – एक गृहिणी

नाही. उत्तर मोठ्या अक्षरांत छापायची मुभा असती तर छापलं असतं. टाइमशिफ्ट होम फोल्डर मुळात वगळतं. एखादं अपडेट बिघडलं तर प्रणाली कालच्या स्थितीत नेणं एवढंच त्याचं काम, आणि ते काम ते चोख करतं. पण तुमचे फोटो, पत्रं, हिशेब त्यात नसतात. आणि डिस्कच गेली तर तिच्यावरचे नमुनेही तिच्याबरोबर जातात.

फोटोंसाठी बाहेरची डिस्क घ्या आणि ‘देजा दूप’ किंवा ‘पिका बॅकअप’ यांपैकी एक लावा. दोन्हींना खिडकी आहे, वेळापत्रक आहे, पासवर्ड घालून कुलूपबंद करायची सोय आहे. त्या पासवर्डची नोंद मात्र संगणकाबाहेर कुठे तरी करून ठेवा; तो हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा.

मी स्वतः आरसिंक वापरते. टर्मिनलमधून फोल्डरची प्रत दुसरीकडे उतरवणारं, १९९६ सालापासूनचं साधन आहे ते. पण त्यात दोन ठिकाणी फार जपावं लागतं. पहिलं, स्रोताच्या नावाशेवटची तिरकी रेघ. ‘फोटो’ असं लिहिलंत तर पलीकडे ‘फोटो’ नावाचा फोल्डर तयार होऊन त्यात सगळं जातं. ‘फोटो/’ असं लिहिलंत तर फोल्डर सोडून फक्त आतला ऐवज जातो. दुसरं, ‘--डिलीट’. हा पर्याय स्रोतात नसलेलं सगळं पलीकडूनही पुसतो. स्रोताची डिस्क त्या वेळी जोडलेलीच नसेल, तिच्या नावाचा फोल्डर रिकामा असेल, तर आरसिंक तो रिकामेपणाच इमानानं पलीकडे उतरवेल. म्हणून आधी ‘-एन’ लावून चालवायचं. काय करणार ते तो दाखवतो, करत काही नाही. यादी पटली की ‘-एन’ काढून तीच ओळ पुन्हा.

आणि अधूनमधून बॅकअपमधला एखादा जुना फोटो खरोखर परत आणून उघडून पाहा. मी या अंकांच्या जुळणीच्या फाइलींच्या बाबतीत हे न चुकता करते. परत आणता येतो की नाही हे माहीत नसलेल्या बॅकअपच्या भरवशावर मी एकही फाइल पुसणार नाही.

टर्मिनलमध्ये फाइल एडिट करताना सवयीनं कंट्रोल-एस दाबतो आणि सगळं गोठतं. खिडकी बंद करावी लागते. – अभियांत्रिकीचा विद्यार्थी

कंट्रोल-क्यू दाब, सुटेल. पूर्वीच्या टर्मिनलांवर मजकूर भराभर वर सरकायचा, तो थांबवायला कंट्रोल-एस आणि पुन्हा सोडायला कंट्रोल-क्यू होतं. ते अजून तसंच आहे. गोठलेलं दिसत असताना तू जे टाइप करतोस ते आत जमा होत असतं आणि सुटल्यावर एकदम लागू होतं, तेव्हा वैतागून कळा बडवू नकोस. ही सोय नकोच असेल तर होम फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’ या लपलेल्या फाइलच्या शेवटी ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ लिही. त्यानंतर कंट्रोल-एस मोकळी होते आणि बॅशमध्ये (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, म्हणजे शेल) जुन्या आज्ञा पुढच्या दिशेनं शोधायला वापरता येते. मागच्या दिशेनं शोधायला कंट्रोल-आर आहेच.

ताई, मी स्वतःच्या कथांचं संकेतस्थळ बनवते आहे. माझ्या संगणकावर मजकूर छान दिसतो, पण सर्व्हरवर चढवला की मराठीच्या जागी विचित्र चिन्हं येतात. फाँट बदलून पाहिले, उपयोग झाला नाही. शिवाय काही फोटोही गायब होतात. – कला शाखेची विद्यार्थिनी

तू पडद्याचं चित्र पाठवलंस म्हणून सांगता येतंय, हा फाँटचा दोष नाही. फाँट नसला तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. तुझ्या चित्रात दर तीन चिन्हांमागे पहिलं चिन्ह तेच आहे: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए. हीच ओळखीची खूण.

यूटीएफ-८ ही अक्षरं बाइटांत साठवायची आजची रूढ पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवलं जातं. ‘क’चे तीन बाइट सोळाच्या पद्धतीत ई०, ए४ आणि ९५. ब्राउझरला हे यूटीएफ-८ आहे असं कुणी सांगितलं नाही, तर तो पाश्चात्त्य भाषांच्या जुन्या तक्त्यानुसार एकेका बाइटचं एकेक चिन्ह करतो. त्या तक्त्यात ई० म्हणजे तो रेघवाला ए, ए४ म्हणजे चार टोकं फुटलेलं छोटं वर्तुळ आणि ९५ म्हणजे ठळक टिंब. तुझ्या चित्रात पहिल्या ओळीत ही तिन्ही ओळीनं दिसतात. तिथं मूळ मजकुरात ‘क’ होता. तुझ्या कथेचा एक बाइटही बिघडलेला नाही, फक्त तो चुकीच्या तक्त्यानं वाचला जातोय.

आता कुठे पाहायचं. पानाच्या ‘हेड’मध्ये ‘मेटा कॅरसेट’ची, म्हणजे मजकूर कोणत्या तक्त्यानं वाचायचा ते सांगणारी, ओळ यूटीएफ-८ अशी हवी आणि ती फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत संपायला हवी. तू ती लांबलचक शैलीपत्रकाच्या खाली ठेवली आहेस; ‘हेड’ सुरू झाल्याबरोबर पहिली ओळ म्हणून आण. एवढ्यानं काम झालं नाही तर सर्व्हर काय सांगतो ते पाहा. फायरफॉक्समध्ये एफ१२ दाब, ‘नेटवर्क’ निवड, पान पुन्हा लोड कर आणि पहिल्या ओळीवर क्लिक करून उत्तराच्या हेडरमध्ये ‘कंटेंट-टाइप’ वाच. तिथं दुसरा एखादा कॅरसेट लिहिला असेल तर तुझ्या मेटाच्या ओळीला किंमत राहत नाही, कारण सर्व्हरचा शब्द वरचा. मग बदल सर्व्हरच्या सेटिंगमध्येच करावा लागेल.

हे पाहताना दुसरी दोन लक्षणंही ओळखायला शिक. काळ्या चौकटीच्या आत प्रश्नचिन्ह दिसलं तर उलटा प्रकार असतो: पान यूटीएफ-८ म्हणून वाचलं जातंय, पण फाइल दुसऱ्याच पद्धतीत साठवलेली आहे. टर्मिनलमध्ये ‘फाइल -आय’ आणि पुढे फाइलचं नाव दिलंस की ती कोणत्या पद्धतीची आहे त्याचा बराचसा अंदाज मिळतो. आणि साधी प्रश्नचिन्हं ओळीनं दिसली तर मात्र मजकूर साठवतानाच मेला आहे. तो तिथून परत येत नाही, मूळ प्रत शोधावी लागते. म्हणूनच मूळ कथा सर्व्हरवर कधी एकट्या ठेवू नकोस.

आणखी एक. ‘एचटीएमएल’च्या पहिल्या टॅगमध्ये ‘लँग’ म्हणून ‘एमआर’ लिही. हे कुणी आवर्जून सांगत नाही आणि मला त्याची फार खंत वाटते. काही देवनागरी फाँटांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची दोन वळणं असतात, एक हिंदी आणि एक मराठी. भाषा मराठी आहे असं पानानं सांगितलं तरच ब्राउझर मराठी वळण उचलतो. न सांगता पान वाचता येतं, पण आपल्या कथेत आपला ‘ल’ असावा. लिब्रेऑफिसमध्येही तसंच: पर्यायांमध्ये भाषांच्या सेटिंगखाली ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी मराठी निवड, तिथं बहुधा हिंदी असते.

फोटोंचं कारण वेगळं आहे. तुझ्या फाइलच्या नावाचा शेवट मोठ्या ‘जेपीजी’नं होतो आणि पानात तू छोट्या अक्षरांत लिहिलंयस. तू पान विंडोजवर तपासलंस, तिथं दोन्ही एकच मानतात. लिनक्स सर्व्हरला ती दोन वेगळी नावं आहेत. फाइलींची नावं नेहमी छोट्या रोमन अक्षरांत, मोकळ्या जागेऐवजी जोडरेघ घालून ठेव. देवनागरी नावंही चालतात, पण पत्त्यात त्यांच्या एका चिन्हाची नऊ चिन्हं होतात आणि दुवा कुणाला पाठवला की भली मोठी शेपटी निघते.

पुढच्या वेळी चढवण्याआधी लिनक्स यंत्रावर त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर’ चालव आणि ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:८०००’ उघड. फाइलवर डबल-क्लिक करून पान उघडण्यापेक्षा हे खऱ्या सर्व्हरच्या कितीतरी जवळ जातं. नावांमधले असले घोळ घरीच सापडतात.

‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ हे शब्द लिनक्सवर नीट उमटत नाहीत, ‘दर्या’ होतं. – एक लेखक

इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कळमांडणी) कीबोर्ड असेल तर ‘ऱ्य’साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. शिफ्टशिवाय जे म्हणजे साधा ‘र’, त्याचा रफार होतो; शिफ्टसह ‘ऱ’, त्याला हलन्त लागला की अर्धचंद्रासारखी रेघ येते. कोणी ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही हेच रूप काढतात. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे, म्हणून शोधताना एक सापडतो आणि दुसरा राहतो. पूर्ण पुस्तकात एकच पद्धत ठेवा. संपादनाच्या वेळी याचा त्रास किती होतो हे मी रोज बघते.

इंटरनेटवरच्या आज्ञा सरळ टर्मिनलमध्ये चिकटवल्या तर चालतं का? – एक छोटे व्यावसायिक

सरळ नको. तुम्ही पानावर जे निवडता तेच कॉपी होतं असं नाही. पानावरची स्क्रिप्ट क्लिपबोर्डवर वेगळाच मजकूर ठेवू शकते, किंवा दोन शब्दांमध्ये न दिसणारी ओळ लपवलेली असू शकते. त्या मजकुरात एंटर असेल तर तुम्ही वाचायच्या आत आज्ञा सुटते. बॅश ५.१ पासून, म्हणजे २०२० च्या अखेरीपासून, चिकटवलेला मजकूर तुम्ही स्वतः एंटर दाबेपर्यंत थांबून राहतो. मोठी सोय आहे ती, पण जुन्या यंत्रावर किंवा दुसऱ्या शेलमध्ये ती असेलच असं नाही. आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा आणि वाचा.

वाचायचं म्हणजे काय, तर आज्ञेचा पहिला शब्द ‘मॅन’पुढे लिहून तिची पुस्तिका उघडा आणि ओळीत आलेले पर्याय एकेक करून त्यात शोधा. सुरुवातीला ‘सुडो’ असेल तर दुप्पट सावकाश. ‘कर्ल’नं काहीतरी उतरवून ते थेट ‘बॅश’ला पाजणारी ओळ दिसली तर दोन पायऱ्या करा: स्क्रिप्ट फाइल म्हणून उतरवा, उघडून वाचा, मग हवी तर चालवा. आणि तोच प्रोग्राम तुमच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये असेल तर तिथूनच घ्या, आवृत्ती थोडी जुनी असली तरी. त्याचे अपडेट आपोआप येतात आणि नको झाला की स्वच्छ निघतो.

पेन ड्राइव्हवर फाइल टाकताना पट्टी क्षणात शंभर टक्के होते, पण काढल्यावर दुसऱ्या संगणकावर फाइल अर्धवट निघते. – एक छायाचित्रकार

पट्टी भरली म्हणजे फाइल मेमरीपर्यंत पोचली. लिनक्स आधी तिथं घेतं आणि पेन ड्राइव्हच्या चालीनं पाठीमागून लिहीत राहतं. म्हणून फाइल मॅनेजरमधलं बाहेर काढायचं चिन्ह दाबा आणि ‘आता काढता येईल’ असा संदेश येईपर्यंत हात लावू नका. मोठा व्हिडिओ असेल तर त्याला काही मिनिटंही लागतील. घाई असेल आणि किती उरलंय ते कळत नसेल तर टर्मिनलमध्ये ‘सिंक’ लिहा. लिहिणं संपलं की प्रॉम्प्ट परत येतो.

४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नसेल तर ड्राइव्ह एफएटी३२ चा आहे. त्यावरचा ऐवज दुसरीकडे हलवून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोज, मॅक आणि आजचं लिनक्स तिघंही तो वाचतात. आणि तुम्ही पुढे लिहिलंय तशी विंडोजची बाहेरची डिस्क लिनक्सवर नुसतीच वाचता येत असेल, लिहिता येत नसेल, तर विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असण्याची शक्यता दांडगी आहे. त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि डिस्क वापरात असल्याची खूण मागे सोडतं. विंडोज पुन्हा सुरू करा, फास्ट स्टार्टअप बंद करा, नीट शटडाउन करा आणि मग डिस्क लिनक्सला जोडा. लिहिण्याची सक्ती करणारे उपाय इंटरनेटवर सापडतील, ते तुमच्या छायाचित्रांवर करून पाहू नका.